चाळ दिसते, पण त्या घरात कुणी राहत नाही

गिरणगावकर | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आज दुपारी घरी सगळ्यांनी मिळून ओटीटीवर एक सिनेमा पाहिला. नाव घेत नाही, त्याची पिसं काढायला हा धागा नाही. गोष्ट डिलाईल रोडच्या बीडीडी (म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीतली, काळ १९६५ चा. माझी आई १९७१ साली लग्न होऊन परळच्या चाळीत आली आणि पुढची चाळीसेक वर्षं तिने त्या एका खोलीत संसार केला. आता त्याच जागेवर टॉवर झालाय, आम्ही अठराव्या मजल्यावर असतो.

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, आई म्हणाली, "ह्या घरात कुणी राहत नाही."

मी म्हटलं, अगं पाच माणसं समोर बसून जेवतायत की. तर म्हणे, "जेवतायत. राहत नाहीत."

झालं. पुढचे दोन तास मी गोष्ट सोडून भिंती बघत बसलो. पहिली चूक कुणालाही सापडेल अशी होती. भिंतीवर कालनिर्णय! ते निघालं १९७३ मध्ये, म्हणजे या कुटुंबाकडे आठ वर्षं आधीच आलं होतं. दुसरी चूक गॅलरीची. लाकडी कठड्याची लांबलचक गॅलरी, तिथून नायक समोरच्या मजल्यावरच्या मुलीला खुणा करतो. बीडीडीत राहिलेल्या कुणालाही विचारा. तिथे मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर वीस, इमारतीत ऐंशी. खुणा करायला गॅलरीच नाही! आणि तिसरं म्हणजे खोली फार मोठी. नायक दारातून खिडकीपर्यंत सहा-सात पावलं चालतो. आमच्या खोलीत चौथ्या पावलाला मोरी लागायची.

पण आईला यातलं काहीच खटकलं नव्हतं. कालनिर्णयाकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. नेमकं काय खुपलं हे तिला सांगता येत नाही आणि मला सापडत नाही. इथे कुणी सेट लावणारे, नेपथ्य करणारे असाल तर उलगडा करा. भिंत, खुर्ची, पडदा ह्या निर्जीव वस्तूंनी सिनेमाची हवा बनते कशी आणि बिघडते कशी?


सुतारपक्षी | रविवार, रात्री ११:२५

खोलीच्या आकाराचं मी सांगतो. माझे वडील गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटिंगचे सुतार होते, एकतीस वर्षं. शाळेला सुट्टी असली की डबा पोचवायला मी जायचो.

दहा बाय बाराची खोली दहा बाय बाराचीच बांधली तर कॅमेरा कुठे ठेवणार? ट्रॉली, लाईटचे स्टँड, माईकची काठी धरून उभा असलेला माणूस, हे सगळं त्याच खोलीत मावायचं असतं. म्हणून सेटच्या भिंती सुट्या असतात. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला प्लाय, मागून तिरपे टेकू, वरून कापड किंवा कागद चिकटवून रंग. याला फ्लॅट म्हणतात. शॉट बदलला की चार माणसं भिंत उचलून बाजूला ठेवतात, आणि तिथे कॅमेरा येतो. छत बहुतेक वेळा नसतंच, कारण वरून लाईट टांगायचे असतात.

तेव्हा सेटवरची खोली दीडपट होणं हे काही पाप नाही. मोठी बांधलेली खोली लहान वाटायला हवी, ती सामानाने. बाबा एका आर्ट डायरेक्टरची खोड सांगायचे. सेट लागला की हा गृहस्थ काठोकाठ भरलेला तांब्या हातात घेऊन दारापासून मोरीपर्यंत चालायचा. पाणी सांडलं नाही तर म्हणायचा, "मध्ये अजून एक पेटी टाका." नटाला अंग चोरून, वळसा घालून जावं लागलं की खोली आपोआप आखडते, मोजपट्टी काहीही म्हणो. तुमचा नायक सहा पावलं सरळ चालला, कुठे ठेचकाळला नाही. तांब्या सांडला नाही म्हणायचा!

अवांतर: जुना फ्लॅट मोडीत काढताना त्याचे थर निघायचे. वर पोलीस चौकी, खाली हवेली, तिच्याखाली हॉस्पिटलचा हिरवा. असा एक तुकडा बाबांनी हौसेने घरी आणला होता. आईने तो पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला.


खडूस_काका | सोमवार, सकाळी ७:०५

गोष्टीत दम असेल तर भिंतीकडे कोण बघतो? फाळक्यांनी १९१३ साली दादरच्या बंगल्यात रंगवलेल्या पडद्यांपुढे 'राजा हरिश्चंद्र' केला. गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी पाहिलाच ना? हल्ली गोष्ट नसते म्हणून मग भिंतींवर खर्च.


रंगाचा_डबा | सोमवार, दुपारी १:५०

काका, पाहिला ना! पण पुढच्या सात-आठ वर्षांतच कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना ते पडदे पुरेनासे झाले. १९२० च्या 'सैरंध्री'च्या सुमारास त्यांनी सपाट पडद्याऐवजी खरी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे करायला घेतले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलालांनी पुढे प्रभात फिल्म कंपनीचं कलादिग्दर्शन सांभाळलं. ही सगळी मूळची चित्रकार माणसं. पडदा कितीही छान रंगवला तरी त्याच्या आत माणूस चालत जाऊ शकत नाही, हे त्यांना खुपलं असणार.

मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट आहे, सहा वर्षं झाली. गिरणगावकरदादा, तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

आमच्याकडे कामाची उतरंड अशी: वर प्रॉडक्शन डिझायनर. हा शब्द हॉलिवूडमध्ये १९३९ साली विल्यम कॅमेरॉन मेन्झिस या माणसासाठी पहिल्यांदा वापरला गेला, कारण त्याने एका सिनेमाचं अख्खं रूप ठरवून दिलं होतं, नुसत्या भिंती नव्हे. त्याच्या खाली आर्ट डायरेक्टर, म्हणजे प्रत्यक्ष बांधून घेणारा. मग सेट ड्रेसिंगवाले, म्हणजे सेट सजवणारे, प्रॉपर्टीवाले, म्हणजे वस्तू पुरवणारे, आणि आमच्यासारखे धावणारे. चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवरून रेडिओ, जोगेश्वरीच्या गोदामातून कपाट, कुणाच्या तरी मावशीकडून पानाचा डबा. माझं अर्धं आयुष्य टेम्पोत गेलंय.

आता भिंत जुनी कशी करतात ते. त्याला आम्ही 'एजिंग' म्हणतो. नवा प्लाय, नवा डिस्टेंपर, आणि सकाळी सात वाजता डायरेक्टर येणार तेव्हा ती भिंत साठ वर्षांची दिसायला हवी. मुलतानी माती फुंकायची, कापड आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवायचे, पाण्यात सैल केलेला तपकिरी-काळा रंग वरून ओघळू द्यायचा, लोखंडी ब्रशने कडा खरवडायच्या. शुभ्र पांढरा रंग शक्यतो वापरतच नाही, कॅमेऱ्यात तो डोळ्यात घुसतो. पांढरी दिसणारी भिंत बहुतेक वेळा फिकट पिवळट किंवा राखाडी असते.

गडबड होते ती इथे. पेंटरदादांकडे वेळ असतो दोन तास. ते स्प्रे घेतात आणि चारही कोपऱ्यांत सारखा तपकिरी ढग मारतात. घर कसं जुनं होतं, याचा विचार त्यात नसतो. खरा डाग कुठेही पडत नाही, त्याला कारण लागतं. स्टोव्हच्या वर काजळी, पण डाव्या बाजूला जास्त, कारण वारा खिडकीतून येतो. बटणाभोवती बोटांची काळपट वर्तुळं. पाट ठेवून जिथे पाठ टेकतात, तिथे तेलाचा गोल. लहान मूल असेल तर पेन्सिलच्या रेघोट्या, तीन फुटांपर्यंत, त्याच्या वर नाही. माझ्या पहिल्या सेटवर मी रेघोट्या साडेचार फुटांवर काढल्या होत्या. सर काही बोलले नाहीत, फक्त भिंतीशी उभे राहून माझ्याकडे बघून हात वर केला. मी रात्री सगळ्या पुसल्या.

आणि एवढं करून सकाळी प्रॉडक्शनचा माणूस येतो, "हे घाण दिसतंय, जरा क्लीन करा ना."


नेपथ्यात_पणती | सोमवार, दुपारी ३:३०

नाटकवाली म्हणून दोन शब्द. रंगमंचावर आम्हाला हे परवडत नाही आणि गरजही नसते. एक दार, एक खिडकी, मध्ये सोफा, की प्रेक्षक उरलेलं घर स्वतः बांधतो. बाराव्या रांगेतून बटणाभोवतीचं काळं वर्तुळ कुणाला दिसणार? आमची वस्तू काहीतरी सुचवते. सिनेमात क्लोजअप असल्यामुळे वस्तूला साक्ष द्यावी लागते. कपबशीचा कान तुटका असेल तर तो कधी तुटला हे लोकांना न सांगताही कळतं.

म्हणून नाटकातून सिनेमात गेलेले काही जण सुरुवातीला फसतात. फार नेटकं लावतात. सगळं प्रेक्षकांकडे तोंड करून.


मोहिनी_चेंबूर | सोमवार, संध्याकाळी ६:१५

थांबा थांबा. धागा बीडीडीतून बाहेर काढते जरा. सगळं खऱ्यासारखं असायलाच हवं, हा हट्ट कशाला? मी चेंबूरची, आर. के. स्टुडिओच्या भिंतीलगत वाढलेली. 'आवारा'मधलं (१९५१) ते स्वप्न आठवा. ढग, जिने, प्रचंड मूर्ती. त्या जागेत कोण राहतं? कुणीच नाही! पण त्या पोराच्या मनात काय चाललंय ते तिथेच कळतं. त्याचे कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर, आपला मराठी चित्रकार. तोच माणूस पुढे 'जिस देश में गंगा बहती है'मध्ये डाकूंचा मुलूख उभा करतो.

अलीकडचं बघा. नितीन चंद्रकांत देसाईंनी 'लगान'साठी (२००१) भूजजवळ मातीच्या झोपड्यांचं गाव बांधलं, आणि पुढच्याच वर्षी 'देवदास'मध्ये रंगीत काचांचं घर. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार. पारोच्या घरात तुमच्या आईंनी 'कुणी राहत नाही' म्हटलं तर ते बरोबरच आहे, तिथे राहायचं नसतंच. तिथे जळायचं असतं. (देसाई २०२३ मध्ये गेले, त्या बातमीचा दिवस अजून आठवतो.)

आर. के. ची आठवण निघालीच आहे तर सांगते. सप्टेंबर २०१७ ला आग लागली तेव्हा आम्ही गच्चीवरून धूर बघत होतो. २०१९ मध्ये जागा विकली गेली. आता तिथे घरं. म्हणजे शेवटी तिथेही लोक राहायला आलेच.


सुतारपक्षी | सोमवार, रात्री ९:०२

ताई, आगीचं म्हणाल तर स्टुडिओ म्हणजे वाळलेला प्लाय, कापड, थिनर, वरून तापलेले लाईट. बाबा घरीसुद्धा देवासमोरची समई विझवल्याशिवाय झोपत नसत.


बेबी_लाईट | सोमवार, रात्री ११:४८

नाव बघून हसू नका, 'बेबी' हा एक किलोवॅटचा लाईट असतो. मी लाईटवाल्यांत आहे, आत्ताच पॅकअप झालंय.

आर्टवाल्यांनी सगळं श्रेय घेऊ नये म्हणून लिहितो. सेट आणि उजेड यांचं नवरा-बायकोसारखं असतं. रोज भांडण, पण एकमेकांशिवाय जमत नाही.

भांडणाचा सगळ्यात मोठा किस्सा 'मुघल-ए-आझम'चा (१९६०). अंधेरीच्या मोहन स्टुडिओत दिग्दर्शक के. आसिफनी शीशमहाल लावला. १५० फूट लांब, ८० रुंद, ३५ उंच, उभा करायला दोन वर्षं, काचा बेल्जियमहून. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. आणि मग कॅमेरामन आर. डी. माथुर यांनी लाईट लावला तर प्रत्येक काचेत लाईट दिसायला लागला! शेवटी आरशांवर मेणाचा पातळ थर दिला आणि माथुरनी जागोजागी कापडाच्या पट्ट्या लावून त्यांच्यावरून परतलेला उजेड वापरला. आपण जी झगमग बघतो ती मुळात कमी केलेली झगमग आहे.

आणि गोडीगुलाबीचा किस्सा सत्यजित रायच्या 'अपराजितो'चा (१९५६). काशीच्या घराचं अंगण कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्तांनी कलकत्त्यात स्टुडिओत बांधलं. अशा चौकातल्या घरात ऊन थेट येत नाही, वरून आभाळाचा मऊ उजेड झिरपतो. कॅमेरामन सुब्रतो मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि त्याच्यावर लाईट मारून तो खाली परतवला. सावल्याच नाहीत. ते अंगण सेटचं आहे हे लोकांना सांगूनही पटत नव्हतं. चंद्रगुप्त पुढे मुंबईत आले, इथल्या सिनेमांनाही त्यांचा हात लागला.

आता चाळीकडे. चाळीच्या खोलीत उजेड एका बाजूने येतो. दारातून आणि मागच्या बारक्या खिडकीतून. माणूस आत बसला की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. दुपारी बारालासुद्धा मोरीकडे चाळीस वॉटचा पिवळा दिवा. आणि मालिकांच्या सेटवर काय करतात? तीन कॅमेरे एकदम चालतात, म्हणून सगळीकडे सारखा उजेड ओततात. मग भिंतीवरचं तुमचं ते एजिंगबिजिंग सगळं धुतलं जातं. गिरणगावकर, तुमच्या सिनेमात मोरीकडे दिवा होता का बघा. पैज लावतो, नसणार.

'कागज के फूल'चं (१९५९) एक सांगून थांबतो. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो उजेडाचा झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी दोन मोठे आरसे लावून, बाहेरचं ऊन आत आणून केला. तिथे सजावट म्हणावी असं काही नाहीच. कलादिग्दर्शक कोण? पुन्हा आचरेकर. कुठे काही ठेवायचं नाही, हेही कुणाला तरी ठरवावं लागतं.


गिरणगावकर | मंगळवार, सकाळी ९:३०

बेबीराव, पैज जिंकलात. मोरीकडे लख्ख उजेड होता. आईला विचारलं, तर म्हणाली, "ते पण असेल, पण ते नाही."


परदेशी_पाहुणा | मंगळवार, सकाळी १०:१५

आवाजाचं कुणी बोललं नाही. प्लायच्या फरशीवर चाललं की पोकळ टप-टप येतं. पूर्वी सगळं डबिंगमध्ये झाकलं जायचं. 'लगान'सारख्या सिनेमांपासून जागेवरच आवाज रेकॉर्ड करणं वाढलं, आणि सेट बांधणाऱ्याला जमीन करकरणार नाही याचीही काळजी घ्यावी लागली. फरशी शहाबादी दिसते आणि वाजते प्लायसारखी, असं झालं की कान ओळखतो, डोळा नाही ओळखत.


कोकणरेल्वे | मंगळवार, दुपारी १२:४०

पाऊस विसरलात! मुंबईत जूनमध्ये उघड्यावरचा सेट म्हणजे जुगार. 'गंगूबाई काठियावाडी'साठी गोरेगावच्या चित्रनगरीत अख्खं कामाठीपुरा बांधलं होतं. मध्येच २०२० चा लॉकडाऊन, त्यात पावसाळा, आणि ते सगळं झाकून ठेवायची वेळ आली.

उलट 'तुंबाड'वाल्यांनी पावसाची वाट बघत काही पावसाळे घालवले. त्या सिनेमात पाऊस हाच मुख्य सेट. भिंतीवरचं शेवाळ कुणी रंगवलेलं असेल-नसेल, पण ओल मात्र अंगावर येते.

आणि माझा लाडका किस्सा 'मधुमती'चा (१९५८). बिमल रॉयनी शूटिंग केलं नैनितालकडे, काही भाग पुन्हा घ्यावा लागला तर इतक्या लांब परत कोण जाणार? मग आपल्या इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या बाजूला कलादिग्दर्शक सुधेंदू रॉयनी खोटे पाईन वृक्ष उभे केले! धुक्यातून नायिका येते ते डोंगर हिमालयाचे की नाशिक जिल्ह्याचे हे अजून मी घरच्यांना ओळखायला लावतो. त्याच सुधेंदूंची लेक शर्मिष्ठा रॉय, जिने नव्वदच्या दशकातली ती चकचकीत कॉलेजं आणि हवेल्या सजवल्या. बापाने धुकं केलं, लेकीने ते पुसून काढलं.

अवांतराचं अवांतर: चित्रनगरीला लागून राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे सेटवर कधीकधी खरा बिबट्या येतो. त्याला एजिंग लागत नाही.


आजीची_गोधडी | मंगळवार, दुपारी ४:२०

कालपासून वाचतेय आणि आता राहवत नाही. डाग, काजळी, तेलाचा गोल, ओल. चाळ म्हटलं की तुम्हा सगळ्यांना घाणच का दिसते?

माझी आजी नायगावला राहायची. तिच्या मोरीत बसून जेवलं असतं कुणी. दर दिवाळीला घरातलं सामान गॅलरीत काढून आजोबा चुना मारायचे. पितळेची भांडी चिंचेने घासून मांडणीवर उतरंडीने, त्यांच्यात तोंड दिसायचं. भिंतीला पाठ टेकली तर आजी पाठीवर चापटी मारायची, "रंग कोण देणार, तुझा बाप?" गिरणीतून सुताची तुसं अंगावर घेऊन माणूस यायचा, म्हणून तर घर जास्त लख्ख. सिनेमावाले चाळ म्हणजे गरिबी आणि गरिबी म्हणजे मळ असं समजतात. तो तपकिरी ढग आमच्यावर मारलेला असतो, भिंतीवर नाही.


रंगाचा_डबा | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

गोधडीताई, कान पकडते. हे खरंय. आम्हाला 'लोअर मिडल क्लास, चाळ, पिरियड' एवढं लिहिलेला कागद मिळतो आणि आम्ही थेट चहाचं पाणी उकळायला ठेवतो. लख्ख घासलेलं पितळ मी आजवर एकाही चाळीच्या सेटवर लावलेलं नाही. उलट चमकतंय म्हणून त्याच्यावर मॅट स्प्रे मारलाय.


खडूस_काका | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

गोधडीताई, मानलं. आमच्या करी रोडच्या घरातही हेच. आई दगडी फरशी राखेने घासायची.

माझा आधीचा शेरा मागे घेतो असं नाही, पण अर्धा घेतो.


नेपथ्यात_पणती | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

काकांचा अर्धा शेरा म्हणजे आमचा हाऊसफुल्ल!


गिरणगावकर | मंगळवार, रात्री १०:५५

सापडलं.

रात्री जेवण झाल्यावर मी तोच प्रसंग लावला, आवाज बंद करून. आईला म्हटलं, आता गोष्ट नाही, नुसती खोली बघ. तिने चष्मा पुसला. दोन मिनिटं बघितलं. मग बोटांवर मोजायला लागली. "आजी, आईबाप, दोन पोरं. पाच. कॉट एक." मग टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "हे झोपतात कुठे?"

मी म्हटलं, खाली झोपत असतील.

"मग वळकट्या कुठायत?"

मंडळी, अख्ख्या सिनेमात एक वळकटी नाही. कॉटखाली नाही, माळ्यावर नाही, पेटीवर नाही. आमच्या खोलीत सात माणसं होती. सकाळी सहाला सात वळकट्या बांधल्या जायच्या, चार कॉटखाली, तीन कपाटावर, आणि वर आईची जुनी साडी झाकण म्हणून. रात्री उलटं. बाबांची रात्रपाळी असली की त्यांची वळकटी दिवसा पसरलेली असायची आणि आम्ही तिच्या कडेने दबकत चालायचो, आवाज न करता. सुतारपक्षी, तुमच्या त्या तांब्याची गोष्ट वाचली तेव्हा मला हेच आठवलं होतं, पण जुळलं नव्हतं.

आई म्हणाली, "त्या बाईचं तोंड बघ. सात वळकट्या उचललेल्या बाईचं तोंड नाही ते." मी सांगितलं, अगं ती नटी आहे, छान काम करते. तर म्हणे, "करते की. पण तिला कुणी काही उचलायलाच दिलेलं नाही."


बेबी_लाईट | मंगळवार, रात्री ११:२०

काकूंना पुढच्या शूटिंगला घेऊन या.


रंगाचा_डबा | मंगळवार, रात्री ११:३१

अरे देवा. वळकटी!

मी माझ्या गेल्या चार सेटचे फोटो उघडून बघितले. दोन चाळी, एक झोपडपट्टी, एक पोलीस लाईन. रेडिओ आहेत, स्टोव्ह आहेत, तसबिरी आहेत, एका ठिकाणी तर खरी शिवणयंत्राची पेटी आहे जी मिळवायला मी तीन दिवस फिरले. अंथरूण एकाही सेटवर नाही. स्क्रिप्टमध्ये झोपायचा सीन नव्हता ना, म्हणून कुणी मागितलंच नाही.

गिरणगावकरदादा, पुढच्या महिन्यात माझा अजून एक चाळीचा सेट लागतोय, १९७८ सालचा. काकूंना भेटायला येऊ का? दोन तास फक्त. आणि त्यांच्याकडे तेव्हाचं काही असेल, पाट, पितळी स्टोव्ह, गाद्यांची खोळ, तर भाड्याने मिळेल का? व्यवस्थित परत करीन, पावती देते.


गिरणगावकर | बुधवार, सकाळी ८:१५

आईला वाचून दाखवलं. खुशाल ये म्हणाली, रविवारी दुपारी, तीननंतर. स्टोव्ह लॉफ्टवर आहे, चालू आहे, पिन पण आहे. दाखवीन, पण देणार नाही, म्हणाली. मागच्या वेळी चुलत भावाच्या नाटकाला नेला होता तो बर्नरशिवाय परत आला.

वळकटी मात्र बांधायला शिकवीन म्हणाली. फक्त येताना स्वतःची दोरी घेऊन ये, सुतळी नको, नाडी आण.